अस्वलाला भांडं लागत नाही

स्पष्टच सांगतो. मला माझ्या बापाची किळस येत होती.

लोक असं बोलत नाहीत. लोक म्हणतात, सेवा केली, पुण्य मिळालं, आईबापाचं करायला भाग्य लागतं. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी तर बाबांच्या उशाशी बसून, माझ्याच घरचा चिवडा खात खात, मला हे भाग्याचं ऐकवलं. त्यांच्या मिशीला शेव चिकटली होती आणि त्यांच्या पायाजवळ, पलंगाखाली, झाकलेलं भांडं होतं. एवढं भाग्य वाटतं तर घेऊन जा हो घरी, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी म्हणालो, "चहा घेणार ना?"

झालं होतं असं, की भर उन्हाळ्यात बाबा आमच्या नंदनवनच्या घरी बाथरूममध्ये घसरले. त्या गुळगुळीत टाइल्स मीच हौसेनं निवडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सहा आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचं खाणं, पिणं आणि बाकीचं सगळं पलंगावर. त्या 'बाकीचं सगळं'मध्ये काय काय येतं, ते ज्यानं काढलंय त्यालाच ठाऊक.

बाबा उमरेडचे विणकर. जन्म हातमागावर गेला. पांढऱ्या सुताला मळका हात लागला की लुगडं वाया, म्हणून मागावर बसण्याआधी हातपाय धुणार, तंबाखूला शिवले की पुन्हा धुणार. आई गेल्यावर ते नागपूरला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन धोतरं आणि स्वतःचा वेगळा तांब्या होता. दुसऱ्याच्या टॉवेलला त्यांनी कधी हात पुसला नाही. असा माणूस आता कशीबशी कंबर उचलायचा, भांड्यावर बसायचा आणि थोड्या वेळानं म्हणायचा, "झालं." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करायचा.

या कामाला एक माणूस ठेवला होता. तीन दिवस आला, चौथ्या दिवशी त्याच्या गावाला लग्न निघालं. ते लग्न अजून चालूच आहे. बायको करायला तयार होती, पण सासऱ्याचं सुनेनं कसं काढायचं? ती पाणी द्यायला खोलीत आली तरी बाबा चादर गळ्यापर्यंत ओढून घेत. "सुनेच्या हातात माझं भांडं द्याच्या आधी मले घाटावर नेऊन ठेवा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मोठी बहीण उमरेडला, तिच्या घरचे तिला व्याप. राहिलो मी.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे तुम्हालाही हसू येईल. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बेडूक चिरले, झुरळं चिरली, उंदरांची आतडी मोजपट्टीवर पसरून दाखवली. एखादी पोरगी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली, की मी वर्गाला ऐकवायचो, "विज्ञानात किळस नसते." केवढा शहाणा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. बरणीतला बेडूक कोमट नसतो आणि तो तुमच्याकडे बघत नाही, हे मला पंचावन्न वर्षांचा झाल्यावर कळलं.

माझी एक पद्धत बसली होती. रुमालावर निलगिरीचं तेल टाकायचं, तो नाकावर बांधायचा. खोलीत जायच्या आधी दारातच छाती भरून श्वास घ्यायचा. भांडं ओढायचं ते हात लांब करून, मान दाराकडे वळवून. संडासात ओतायचं ते डोळे मिटून. मग फिनाईल, मग पुन्हा फिनाईल, मग तीनदा साबण. तरी कूलरची ती दमट हवा! वास तिच्यात भिजून फुगायचा आणि घरभर फिरायचा. जेवताना वरणाला तो वास, शर्टाला तो वास. दोनदा मी संडासातच ओकलो. नळ मोठा सोडून ओकलो, म्हणजे बाबांना ऐकू जाऊ नये. मला वाटायचं, त्यांना काही कळत नाही.

आणि मी बोलायचो. भांडं खाली असताना गप्प बसवत नाही हो. दोन माणसं, मध्ये तो आवाज, आणि दोघंही तो ऐकू न आल्यासारखे. म्हणून मी अखंड बडबड करायचो. घरात उदबत्ती लावतात तशी मी बडबड लावायचो. आणि त्या दिवसांत माझ्या तोंडात एकच विषय होता. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं माझं भाषण ठेवलं होतं: जनावरांची हिवाळी झोप आणि माणसाचं औषध. त्याची तालीम मी बापाच्या भांड्यावर करायचो.

"बाबा, बर्फाच्या देशातलं अस्वल हिवाळ्यात गुहेत शिरते ना, ते चार-पाच महिने बाहेरच येत नाही," मी खिडकीकडे बघत सांगितलं. "नुसतं पडून राहते."

"खाते काय?"

"काहीच नाही. अंगावरच्या चरबीवर भागवते."

"अन् पाणी?"

"थेंब नाही."

बाबांनी कमरेवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "मंग त्याचं हे... बाहेर जाणं?"

"जातच नाही! ना लघवी, ना संडास. तीच तर गंमत आहे."

"आपल्या उमरेडकडचं अस्वल तं मोहाची फुलं खाऊन जंगलभर हागत फिरते."

"आपलं अस्वल झोपत नाही, बाबा. हे दुसरं."

बाबांनी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "बरं आहे गा त्याचं."

मला काय आनंद! बापाला माझ्या विषयात रस वाटला, असा प्रसंग उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आला होता. मी फुललो. दुसऱ्या दिवशी आणखी सांगितलं. अस्वलाच्या शरीरात लघवी थोडी थोडी तयार होते, पण ती मूत्राशयातूनच परत रक्तात शोषली जाते. तिच्यातला विषारी भाग आतड्यातले जंतू फोडतात आणि त्यातून अस्वलाला पुन्हा मांस बनवायचा माल मिळतो. म्हणून एवढे महिने पडूनही त्याचे पाय काटक्या होत नाहीत. माणूस दोन आठवडे पडला तर त्याची पोटरी लोंबायला लागते. बाबांनी चादरीतून हात घालून स्वतःची पोटरी चाचपून पाहिली. "मंग हे माणसाले जमत नाही काय?" त्यांनी विचारलं. मी रुमालाच्या आतून, वर्गात द्यायचो तशा ऐटीत उत्तर दिलं, "त्याच्यावरच तर जगभर संशोधन चालू आहे. एक दिवस जमेल."

एक दिवस जमेल! ही जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

त्यानंतर आठवडाभरात घरात सुधारणा व्हायला लागली. सुधारणाच म्हणायचो मी तिला. संडासाचं भांडं लागेनासं झालं; दोन दिवसांनी, मग तीन दिवसांनी. लघवीचं भांडं मात्र वेळेवर भरलेलं असे, पण त्याला पूर्वीची ती दर्प मारणारी घाण राहिली नव्हती. मी नवीन फिनाईल आणलं होतं. बायकोला कौतुकानं म्हणालो, "पाहिलं? दहा रुपये जास्त गेले, पण मालात फरक आहे."

ती म्हणाली, "मामाजी अर्धी पोळी पण खात नाहीयेत."

"पडून असलेल्या माणसाला भूक कुठून लागेल?"

"तोंड सुकल्यासारखं दिसतं त्यांचं."

"नागपूरचा मे महिना आहे. माझं पण सुकलंय. पाण्याचा जग सकाळी भरून ठेवतो, संध्याकाळी रिकामा असतो. आणखी काय पाहिजे?"

जग खरोखरच रिकामा असायचा. मी रोज तो भरायचो आणि रोज खूश व्हायचो. बाबा दिवसभर डोळे मिटून असत. कमी बोलत. मी अस्वलाचं पुढचं काही सांगायला गेलो तर नुसता हुंकार देत. मला वाटलं, सवय झाली बिचाऱ्यांना. खरं सांगायचं तर सवय मला झाली होती, त्या बिनवासाच्या भांड्याची. त्या काळात मी बाबांच्या खोलीत दिवसातून मोजून चारदा जायचो आणि चारही वेळा लगेच बाहेर यायचो.

भाषण मात्र झकास झालं. संध्याकाळी बगिच्यातल्या सभागृहात पन्नासेक म्हातारे-म्हाताऱ्या, शाल, नारळ, मागं बॅनर. मी रंगात आलो. झोपलेल्या अस्वलाच्या रक्तात गुठळ्या का होत नाहीत ते कळलं, तर अंथरुणाला खिळलेले रोगी वाचतील, म्हणालो. बर्फाच्या देशात जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारीचं अंग हिवाळ्यात बर्फासारखं गार पडतं तरी तिचा मेंदू शाबूत राहतो. ती युक्ती कळली तर झटका आलेल्या माणसाला डॉक्टर थोडा वेळ तसंच थंड ठेवून वाचवू शकतील. काढलेलं हृदय, काढलेली किडनी जास्त वेळ टिकवता येईल. हाडं ठिसूळ होणार नाहीत. आणि शेवटी माझा हुकमी एक्का: "अस्वल स्वतःचीच लघवी आतल्या आत जिरवून तिचं मांस करतं!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी "शीऽऽ बाई!" केलं आणि सगळे हसले. मी म्हणालो, "शी करू नका. ज्या दिवशी हे गुपित उलगडेल त्या दिवशी किडनीच्या रोग्यांचे हाल संपतील." टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, "सर, गुडघ्याले अस्वलाची चरबी लावली तर चालते का? आमच्याकडं एक जण विकून राहिला." मला त्या माणसाचा असा तिटकारा आला म्हणता! एवढं ज्ञान पाजळलं आणि यानं त्यातून काय उचललं तर चरबी. घरी येईपर्यंत मी त्याच्यावर चरफडत होतो. आपल्या घरात कोणी काय उचललंय, याची शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. उमरेडहून एसटीनं, उन्हात, डोक्याला पदर गुंडाळून, हातात आंब्यांची पिशवी. या ताईनं स्वतःच्या सासूचं चार वर्षं अंथरुणात केलं होतं. बाबांना बघायला खोलीत गेली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि पलंगाखालचं भांडं सहज उचललं, आपण चपला उचलून बाजूला ठेवतो तसं.

"ठेव वं ते," बाबा पुटपुटले. "तो करते."

ती भांडं घेऊन संडासाकडे गेली आणि तिथूनच मला हाक मारली. "इकडं ये गा. हे काय आहे?"

"काय म्हणजे? लघवी."

"तू पाहिलं?"

मी दारात उभा. नाकावर हात आपोआप गेलेला. तिनं ते भांडं उचलून सरळ स्वतःच्या नाकाशी नेलं. मी मान फिरवली.

"इकडं पाह्य! याले वास नाही. रंग नाही. हे पाणी आहे, साधं प्याचं पाणी."

"मी फिनाईल बदललं..."

"फिनाईल तू संडासात टाकतो का बाबाच्या पोटात?"

मग मी पाहिलं. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा त्या भांड्यात डोळे उघडून पाहिलं. मी भरून ठेवलेल्या जगातलं पाणी. तळाला थोडीशी पिवळट झाक, बस. बाबा रोज आपला जग हळूहळू त्या भांड्यात ओतत होते. मी रोज ते पाणी डोळे मिटून, श्वास कोंडून, लघवी समजून संडासात ओतत होतो, आणि दुसरा जग भरून देत होतो. मी! ज्यानं पोरांना पहिल्या तासाला फळ्यावर लिहून दिलेलं असतं: आधी निरीक्षण.

आम्ही धावत खोलीत आलो. ताईनं बाबांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, करंजीच्या कडेसारखी, खाली बसेचना. जीभ करकरीत कोरडी. बाबांनी डोळे उघडले, ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "माग थांबव. सूत तुटून राहिलं." मग आणखी काहीतरी, ते कळलंच नाही. ताई मला म्हणाली, "काय करून ठेवलं बे तुम्ही!" आणि रडायला लागली. मी गाडी बोलावली.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. रक्ताचा रिपोर्ट हातात धरून तिनं विचारलं, "पाणी किती प्यायचे?"

"एक जग भरून," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाही. माहीत नाही."

"लघवीचा रंग कसा होता?"

"पाहिला नाही," मी म्हणालो.

"कोण करत होतं त्यांचं?"

"मीच."

"काका, तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, रिपोर्टकडे पाहिलं, आणि पुढचं काही विचारलं नाही. तिनं चार लोकांसमोर मला जोड्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

किडन्या सुकत आल्या होत्या. सलाईन लागली, नळी घातली. नळीतून पिशवीत जे थेंब थेंब आलं ते काळ्या चहाच्या रंगाचं होतं. मी ते पाहत बसलो. हटून पाहत बसलो. मी सांगितलेलं अस्वल असं तहानेनं कोरडं पडत नाही. ते झोपतं तेव्हा त्याचं रक्त, त्याचं काळीज, आतड्यातले जंतू, सगळा कारखानाच बदलतो, आणि तो अस्वलानं ठरवून बदललेला नसतो. हे भाषणाच्या कागदावर होतं. दुसऱ्या पानावर, खाली. बाबांना मी फक्त गमतीचा भाग सांगितला होता.

तिसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. नळीतून जंतुसंसर्ग होईल म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती काढली आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय म्हातारं आहे. सलाईन यापेक्षा जास्त चढवली तर पाणी छातीत भरेल. आता त्यांनी तोंडानं प्यायला पाहिजे. आज-उद्या प्यायले तर किडन्या सावरतील. नाही तर डायलिसिस, आणि ते या अंगाला कितपत सोसेल, मी सांगू शकत नाही."

आणि बाबांनी ओठ मिटून घेतले.

नर्सनं चमचा लावला, तो दातावर आपटला. ताईनं विनवण्या केल्या, मग शिव्या घातल्या. बायको दारात उभी राहून रडवेली म्हणाली, "मामाजी, माझ्यासाठी तरी एक घोट," तर त्यांनी चादर वर ओढली. नळी निघाली होती ना. आता प्यायलं की भांडं आलंच. ताई बाहेर आली आणि मला म्हणाली, "तू जा. हे तुझं आहे."

मी आत गेलो. स्टुलावर बसलो. बाजूच्या पलंगावरचा रोगी फिरायला गेला होता, खोलीत आम्ही दोघंच.

"बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही? मेले असते ना."

ते छताकडे बघत होते.

"त्या अस्वलाचं मी सांगितलं ते अर्धवट होतं. माणसाचं तसं नसते. तुम्ही अस्वल नाही."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. आवाज फाटलेला होता. "एवढा खुळा नाही मी. पन मले वाटलं, थोडं तं जमन. सहा आठवडे तं होते."

"पण काहून?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं तोंड पाहतो ना मी. रुमालाच्या वरचे डोळे दिसते. नळ सोडून ओकतो ते ऐकू येते. कान शाबूत आहे माझे."

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. स्वतःची अशी शिसारी मला कधी आली नव्हती. मी म्हणालो, "चुकलं माझं. पण तुम्ही बाप आहे माझे. तुमचं काढणं माझं कर्तव्यच..." आणि हे बोलता बोलता माझाच मला राग आला, कारण हे सगळं त्या चिवडावाल्या गृहस्थांचं बोलणं होतं.

"थांब," बाबा म्हणाले. "ते कर्तव्य गिर्तव्य नको सांगू." मग बराच वेळ ते श्वास गोळा करत होते. "तू वर्षाचा असशील. तुझी माय नळावर गेली होती, रांग मोठी होती. ताई शाळेत. तू पाळण्यात हागून ठेवलं. हातापायाले, तोंडाले, सगळीकडं. मी जवळ गेलो अन् मले उमासा आला. मी दार लोटलं अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तू रडत होता. लय रडला. मी बिडी ओढत बसलो. माय आली तवा तुझा आवाज गेला होता."

मी स्टुलाची कड धरून बसलो होतो.

"तिनं तुले धुतलं. मले एक शब्द नाही बोलली. मरेपर्यंत कोणाले सांगतलं नाही तिनं. तुलेबी नाही ना सांगतलं?"

"नाही."

"तुझं एक फडकं मी कधी धुतलं नाही. कोणाचंच नाही. मले किळस ये. मंग आता कोणत्या तोंडानं तुले म्हणू, माझं काढ म्हणून?"

मला खूप काही बोलता आलं असतं. 'असू द्या बाबा, जुनी गोष्ट' वगैरे. पण पाळण्यातल्या त्या पोराचा घसा बसेपर्यंतचं रडणं मला आत कुठंतरी झोंबलं होतं, आणि ते असू द्या म्हणण्यासारखं नव्हतं. मी खरं तेच बोललो. "बाबा, मलेही किळस येते. आत्ताही येऊन राहिली. ती काही जाणार नाही. पण मी ओट्यावर जाऊन बसणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी गुळगुळीत काही बोलतोय का, हे तपासत असावेत. विणलेल्या कापडात कुठं धागा सुटलाय ते शोधताना ते असेच डोळे बारीक करत.

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग दे पाणी," ते म्हणाले.

मी मान धरून उचलली. ते एक घोट प्यायले, थांबले, दुसरा प्यायले. अर्धा ग्लास. मग उरलेला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं आणि मी ते हातानंच पुसलं. दुसरा ग्लास प्यायला त्यांना खूप वेळ लागला. तिसऱ्याला ते स्वतःच हात पुढं करून बसले होते.

दीड-दोन तासांनी त्यांच्या पोटात कळ आली. कितीतरी दिवसांचं साचलेलं सगळं एकदमच सुटायला निघालं होतं. त्यांनी मला नावानं हाक मारली. मी भांडं आणलं, कंबर उचलली, खाली सरकवलं, आणि तसाच त्यांच्या तोंडासमोर उभा राहिलो, नाकावर काही न बांधता. वास आला तो असा आला की डोळ्यांतून पाणीच निघालं. पोट वर आलं. मी दात आवळले, भिंतीला हात टेकला, पण जागचा हललो नाही. भांडं काढायला वाकलो आणि वाकल्यावर उमासा काही केल्या आवरेना.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"आधी ओकून घे," ते म्हणाले. "मी थांबतो."